वरून येणारं ‘हाव’

माझे बाबा घर पाहाले गेले की आधी भिंती वाजवत. बोटाच्या मागच्या पेरानं, टक टक, मान वाकडी करून. मी पेशंटच्या पाठीवर वाजवते ना, डिट्टो तसंच. अन् मी मागच्या खोलीत उभी राहून दलालाचा आवाज काढे. "सर, तुमी फक्त पाहा सर. घ्याचं काही टेन्शन नाही सर. पण सर, कालच एक पार्टी पाहून गेली सर." एकदा तर तो दलाल पुढच्या खोलीतून "कोण हाय बे तिकडं?" म्हणत आला. आवाज त्याचाच होता, पण त्याले वळखू आला नाही. स्वतःचा आवाज कोणालेच वळखू येत नाही, हे मले सावनेरच्या शाळेतच समजलं होतं. तिथं मी गणिताच्या सरांचा आवाज काढला की पुढचा बाक उभा राहे अन् खुद्द सर विचारत, "हा कोणाचा आवाज काढून राहिली वं तू?"

सगळ्याईचे आवाज मले येत. कंडक्टरचा, कीर्तनकाराचा, आमच्या शेजारच्या मावशीचा, मावशीच्या बकरीचा. एकच आवाज कधी जमला नाही. बाबाचा. बाबा कोळशाच्या खदानीत मशीनीवर होते. जन्मभर त्या घरघरीत राहून कानानं कमी ऐकू येई, म्हणून त्याईचं बोलणं असं की फोनवर बोलले तर फोनचं काय काम होतं असं वाटे. मी तो आवाज काढाले गेली की लग्नातला फाटका भोंगा वाजे नुसता. मले वाटते, ज्याच्यापासून आपण लांब गेलोच नाही त्याची नक्कल होत नाही.

तर मले नागपुरात भूल देणाऱ्या विभागात पीजीची सीट भेटली अन् आमच्या घरी एकच विषय सुरू झाला. भाड्यानं राहाचं की घर घ्याचं.

हॉस्टेल होतं, पण तिथं जितक्या पोरी होत्या तितके पलंग नव्हते. मी म्हटलं, भाड्यानं एक खोली घेते, तीन वर्षाचा तर मामला आहे. बाबा म्हणाले, "तीन वर्षं भाडं भरशील अन् जाताना काय नेशील? किल्ली वापस करशील."

"बाबा, तीन वर्षांनी मी कुठं राहीन ते मलेच माहीत नाही."

"घर असलं का माणूस कुठं जात नाही," बाबा म्हणाले. खालच्या क्वार्टरमधली बाई बाहेर येऊन पाहाले लागली, इतक्या मोठ्यानं.

खरी गोष्ट वेगळी होती, अन् ती आमाले दोघालेही माहीत होती. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होत होते. रिटायर झाले की क्वार्टर सोडा लागे. माणूस अख्खा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिला होता. सोडताना भिंत जशी होती तशी द्या लागते म्हणून आमच्या घरात एकही खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाले बांधलेलं. आईचा फोटो फळीवर टेकवलेला, पंख्याच्या हवेनं तो महिन्यातून एकदा तरी तोंडावर पडे, अन् बाबा काही न बोलता उभा करत. त्याईले स्वतःची भिंत पाहिजे होती. अन् पोरगी नागपुरात, म्हणून भिंतही नागपुरात पाहिजे होती.

अशा भिंती वाजवत वाजवत आम्ही मानेवाड्याकडच्या एका गल्लीत गेलो. दुमजली घर. खाली एक काकू एकटी राहे. वरचा पोर्शन रिकामा. दोन खोल्या, किचन, थोडी गच्ची. जिना बाहेरून, आंगणातून वर जाणारा. काकूचे यजमान पोस्टात होते, रिटायर झाल्यावर त्याईनं वरचा मजला स्वतः उभं राहून बांधला अन् काही वर्षांनी एका उन्हाळ्यात वारले. पोरगा बंगलोरले. तो म्हणे वरचं विकून टाक. काकूचं मन होत नव्हतं.

बाबानं भिंत वाजवली. खूप वेळ ऐकलं. मंग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे."

काकू म्हणाली, "विकाचं का नाही ते अजून ठरलं नाही जी. आधी पोरीले भाड्यानं राहू द्या. तुमाले घर पटलं पाहिजे, अन् घराले तुमी." मंग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् डॉक्टरीन बाई, या घरात काही वाईट बोलाचं नाही बरं. मेली, मरू दे, सत्यानाश, असं काही नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

हे मले माहीत होतं. आमच्याकडे सगळेच म्हणतात. घराच्या एका कोपऱ्यात जमिनीत वास्तुपुरुष पुरलेला असते, अन् घरात कोणी काही बोललं का तो आपला खालून म्हणते, तथास्तु. मी लगेच कोपऱ्याकडे तोंड करून म्हटलं, "डॉक्टरीन बाई एमडी पास, पहिला नंबर!" अन् मंग जाड आवाजात मीच उत्तर दिलं, "तथाऽऽस्तु!"

बाबा हसले. काकू नाही हसली. ती म्हणाली, "त्याचा आवाज नको काढू माय."

जिना उतरताना माझ्या डोक्यात एक भैताड विचार आला. मी दुसऱ्याच्या आवाजात काही बोलली, तर तथास्तु कोणाले लागते?

*

मी राहाले गेली तेव्हा उन्हाळा पेटला होता. ज्यानं नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिली नाही, त्याले रात्रीची भीती वाटते. आमाले दुपारची वाटते. रात्री निदान कुत्री असतात. दुपारी गल्लीत कुत्रंही नसते. सगळी घरं कुलूप लावल्यासारखी, अन् प्रत्येक खिडकीत एक कूलर आपला घोंऽऽ करून राहिलेला. अख्खी गल्ली एका आवाजात श्वास घेऊन राहिली असं वाटे.

माझी ड्युटी लागली का मी दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी पोचे. झोप इतकी आलेली की येत नसे. मंग मी कूलरपुढं पालथी पडून मैत्रिणीईले व्हॉइस मेसेज पाठवे. आमच्या मॅडमचा आवाज, सर्जन साहेबाचा आवाज, "पेशंट हलून राहिला, भूलवाले झोपले काय?" असा. कूलरच्या तोंडाशी बोललं का आवाज चिरून चिरून येते. लहानपणी सगळ्याईनंच केलं आहे ते, आऽऽऽ करून. मी त्यात नकला करे. डबल मजा.

तिथंच तो म्हातारा आला.

म्हणजे आवाज आला. एक दिवस मी असाच मेसेज भरून राहिली होती अन् मधीच एका म्हाताऱ्याच्या आवाजात बोलली, "हाव… ऐकून राहिलो." हाव म्हणजे हो. नागपूरच्या बाहेर हाव म्हटलं का लोक लालूच समजतात, म्हणून सांगून ठेवते. पण हे हाव वेगळंच होतं. लांब, शेवटाले खाली खाली जाणारं, विहिरीत बादली सोडल्यावाणी. अन् मंग बादली पाण्याले टेकावी तसं "ऐकून राहिलो."

मैत्रिणी हसून हसून मेल्या. (हे मी काकूच्या घरी बसून नाही लिहून राहिली, म्हणून चालते.) "कोण आहे वं हा बुढा?" सगळ्या विचारत. मी म्हणे, "माझाच आहे. घरी बनवला." मले खरंच तसं वाटलं होतं. मंग रोजचीच फर्माईश झाली. म्हाताऱ्याले बोलव. म्हाताऱ्याले विचार मेसमध्ये काय भाजी आहे. म्हाताऱ्याले विचार सर्जन साहेब काहून चिडले. म्हातारा सगळ्या गोष्टीले तेच म्हणे, "हाव… ऐकून राहिलो." त्याच्या पुढं त्याले काही बोलताच येत नसे. मी दुसरं वाक्य लावून पाहिलं, तर आवाज माझ्या तोंडातून निघून जाई. बाकी कोणत्याच आवाजानं मले असं कधी केलं नव्हतं. आवाज माझ्याकडे भाड्यानं राहातात. मी म्हटलं तेव्हा येतात, म्हटलं तेव्हा जातात. हा येताना मी बोलवला नव्हता.

असंच एका दुपारी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चप्पल घालत होती. खालून, आंगणातून, काकूचा आवाज आला. "ऐकलं काय?"

नुसतं तेवढंच. मले वाटलं मलेच हाक मारून राहिली. अन् माझं तोंड, माझं हे नालायक तोंड, माझ्या आधी बोललं. "हाव… ऐकून राहिलो."

मी जीभ चावली. वाटलं, आता बुढी वर येते अन् मले झापते.

खाली काहीच झालं नाही. काकूनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती तारेवरचे कपडे काढत होती, काढतच राहिली. अन् रोजच्यासारखी म्हणाली, "दळण आणाचं आहे. गहू काढून ठेवले. अन् पोराचा फोन आला होता, बरा आहे म्हणे." मंग कपडे हातावर टाकून आत गेली.

मी पायरीवर बसूनच राहिली. दळण आणाले मले सांगतलं होतं काय? मी सांजी हळूच विचारलं, "काकू, गहू द्या, मी जाऊन येते गिरणीवर." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगतलं तुले दळणाचं?" तिनं विचारलं. रागानं नाही. असं विचारलं, जसं मी तिचं कोणाशी तरी चाललेलं बोलणं चोरून ऐकलं.

*

मंग ते रोजचंच झालं. मी घरी असली का काकू दुपारी आंगणात येई अन् म्हणे, "ऐकलं काय?" मी एकदा मुद्दाम गप राहिली. तर ती तिथंच उभी राहिली, उन्हात, डोक्यावर पदर, पाय पोळत असतील तरी. मले पाहावलं नाही. मी म्हटलं, "हाव… ऐकून राहिलो." ती बोलली. नळाले पाणी कमी येऊन राहिलं. लिंबाचं लोणचं बुरशीलं. बोलली अन् गेली.

एक दिवस मीच खाली गेली. चहा पीत पीत विचारलं, "काकू, काका कसे बोलत?"

काकू हसली. पहिल्यांदाच. "बोलत कुठं होते? रिटायर झाल्यावर दुपारभर वर बसत, लोकाईची घड्याळं खोलून. मी खालून सांगत राहू अन् ते म्हणत, हाव, ऐकून राहिलो. लग्नापासून चाळीस वर्षं ऐकूनच राहिले. केलं काहीच नाही."

मी काकाले कधी पाहिलं नव्हतं. त्याईचा फोटो तेवढा पाहिला होता, अन् फोटो बोलत नाही. माझ्या अंगावर भर उन्हाळ्यात काटा आला. पण मी डॉक्टर आहे ना बाप्पा, कारण शोधल्याशिवाय कशी राहणार? मी गल्लीत कान लावून फिरली. अन् सापडलं. दूधवाला पैसे घेताना म्हणे, "हाव…" तसंच, खाली जाणारं. इस्त्रीवाला म्हणे, "ऐकून राहिलो ना मॅडम." किराण्यावाला नुसती मान हलवे, पण तीही त्याच चालीत. अन् सगळ्यात जास्त खुद्द काकू. चाळीस वर्षं ऐकून ऐकून तिच्याच बोलण्यात ते हाव मुरलं होतं. माणूस गेला, पण त्याचं बोलणं असं गल्लीभर वाटून गेला होता. कोणाकडे हाव, कोणाकडे मान, कोणाकडे नुसता दम. मी ते सगळ्याईकडून उचललं अन् कूलरच्या तोंडापाशी जोडलं. बस. एवढंच. मी इतकी खुश झाली की त्या दिवशी पोहे-तर्री खाऊन आली.

फक्त एक गोष्ट उरली. हाव म्हणताना माझी दोन बोटं जिन्याच्या कठड्यावर वाजत. टक टक. मले ते काकूनं दाखवलं तेव्हा समजलं. "हेही त्याईच्यासारखंच करते तू," ती म्हणाली. गल्लीत कोणी असं करत नव्हतं. मी वर जाऊन कठडा पाहिला. वरच्या पायरीपाशी, माझा हात जिथं पडे तिथंच, तितक्याच जागेवर रंग उडून लोखंड चमकून राहिलं होतं. त्यालेही मी कारण लावलं. घासलेल्या जागेवर हात आपोआपच जाते. कारण बरोबर होतं. तरी त्या दिवसानंतर मी जिना भिंतीच्या बाजूनं उतराले लागली.

*

जून संपून राहिला होता, पण कूलर अजून बंद झाले नव्हते. काकूचा फोन बाबाले गेला. विकाचं ठरलं म्हणे. घराले पोरगी पटली म्हणे.

बाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन पहिल्या बसनं आले. नवीन शर्ट. खिशात बयाण्याचे पैसे. अन् पिशवीत, मी नंतर पाहिलं, एक हातोडी अन् कागदाच्या पुडीत खिळे. आईचा फोटोही आणला होता, टॉवेलात गुंडाळून. मी म्हटलं, "बाबा, आज नुसतं बोलणं आहे. आजच काय ठोकता?"

"ठोकत नाही वं," बाबा ओरडले, म्हणजे साधंच बोलले. "नुसता लावून पाहीन कुठं चांगला दिसते."

वर जाऊन त्याईनं फोटो सगळ्या भिंतीवर धरून पाहिला. दुपारी जेवण झाल्यावर थोडा वेळ तिथंच पडले, कूलरपुढं. मंग आम्ही खाली काकूकडे बसलो. बाबा तखतावर, काकू ओट्यापाशी. मी आधार कार्ड आणाले वर निघाली. जिन्याच्या मधात होती तेव्हा खालून काकूचं ऐकू आलं, "चहा टाकू काय भाऊ?"

अन् बाबा म्हणाले, "हाव…"

मी थांबली.

माझ्या बाबाचं हाव मले माहीत आहे. ते थापड मारल्यासारखं असते, एका दमात, समोरच्याचा चहा सांडावा असं. हे हाव लांब होतं. खाली खाली जाणारं. मी वाकून काकूच्या खिडकीतून पाहिलं. बाबा भिंतीले टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, अन् त्याईची दोन बोटं तखतावर वाजली. टक टक.

बाबानं त्या कठड्याले हातही लावला नव्हता. तेही भिंतीच्या बाजूनं चढले होते, माझ्यामागून. माझा म्हातारा त्याईनं कधी ऐकला नव्हता. ऐकू येतच कुठं त्याईले इतकं बारीक? काकूचा हात साखरेच्या डब्यावर थांबला होता. ती बाबाच्या बोटाईकडे पाहून राहिली होती.

मंग तिनं डबा तसाच ठेवला. बाहेर आंगणात आली. मी जिन्यात होती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यावरून, वरच्या दाराकडे पाहून तिनं हाक मारली, "ऐकलं काय?"

मी ओठ दाबून धरले.

"या पोरीच्या बाबाले वरचं देऊन टाकू काय, म्हणते मी."

तेवढ्यात लाईन गेली. आमचा कूलर थांबला, मंग शेजारचा, मंग सगळ्या गल्लीतले एकापाठोपाठ. दम रोखून धरल्यासारखी दुपार झाली. भुलीतून उठणाऱ्या माणसाचे कान आधी उठतात, डोळे मागून. टेबलवर पडलेला माणूस नुसता ऐकत असते अन् वाट पाहत असते की कोणी आपलं बोलेल. काकूचा चेहरा तसा होता.

मले फक्त हाव म्हणाचं होतं. ते तयार होतं. जिभेवर आलं होतं, बाहेर निघाले दारातच उभं होतं. म्हटलं असतं तर घर आमचं. बाबाले भिंत. आईच्या फोटोले खिळा. अन् खोटं तरी काय होतं त्यात, काकाईनं चाळीस वर्षांत दुसरं काही म्हटलंच कुठं होतं?

पण मी खिडकीतून बाबाले पाहिलं. मी तर तीन वर्षं ड्युटीवर राहीन. घरी झोपाले येईन. या घरात दुपारभर राहणार होते ते बाबा. कूलरपुढं, एकटे, कानानं कमी. रोज खालून हाक येईल, ऐकलं काय? अन् रोज ते थोडे थोडे उत्तर द्याले शिकतील. मी सगळ्या जगाचे आवाज भाड्यानं आणते अन् वापस करते. बाबाकडे एकच आवाज होता, स्वतःचा. तो गेला तर मी काढून दाखवूही शकली नसती. तोच एक मले येत नाही.

अन् मी त्या आवाजात हाव म्हटलं, तर खालून जो तथास्तु म्हणते तो कोणाले म्हणेल?

"काकू," मी म्हटलं. आवाज पातळ निघाला, खूप दिवसात न घातलेल्या कपड्यासारखा, घडी पडलेला. "काकू, मी आहो. बाबाले वरचं नाही घ्याचं. मी भाड्यानंच राहते, तुमी राहू देत असान तर."

काकूनं आता माझ्याकडे पाहिलं.

"मले मालूम आहे वं ते नाहीत म्हणून," ती म्हणाली. "मी का येडी आहो? पण विचारल्याशिवाय कसं देऊ? त्याईनं बांधलं ते."

मी माझी जुनी सवय म्हणून मजाक केला. "मंग? काय म्हणाले काका?"

काकूनं थोडा विचार केला. "काहीच नाही म्हणाले," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच काही नाही म्हणाले." अन् आत जाऊन तिनं चहा गाळला. साखर टाकाची राहिली होती. आम्ही तिघंही तसाच प्यालो.

बाबाले मी बसस्टँडवर सोडाले निघाली. स्कूटीवर मागं बसलेले बाबा पिशवी छातीशी धरून गप. बाबा गप बसले का आजूबाजूचं जग एकदम ऐकू येते, मले ते आवडत नाही. सिग्नलवर मी सांगतलं. सगळं. हाव, बोटं, सगळं.

"पागल झाली काय तू!" बाबा म्हणाले. "मी कधी म्हटलं असं? मी तर म्हटलं, हाव!"

थापड मारल्यासारखं. सिग्नलवरचे सगळे वळले. एक ऑटोवाला म्हणाला, "काका, ऐकू आलं, ऐकू आलं." मले इतकं बरं वाटलं की हिरवा लागला तरी मी निघाली नाही.

"जन्मात पहिल्यांदा खिळा ठोकाले भिंत भेटत होती," बाबा मागून म्हणाले, थोडं कमी मोठ्यानं.

"ठोका ना बाबा. पण जिथं तुमाले लोक वळखतात तिथं ठोका. तुमचा आवाज जिथं चार घरं आधीच पोचते तिथं."

बाबा तसेच बसमध्ये चढले. मले दोन महिने नीट फोनही केला नाही. मंग रिटायर झाल्यावर त्याईनं सावनेरलेच घर घेतलं. लहान, जुनं, समोर कडुनिंब. वास्तुशांतीले मी गेली, सगळ्याईच्या नकला केल्या, वास्तुपुरुषाची सोडून. बाबानं भटजी जायच्या आधीच पहिला खिळा ठोकला. आता त्या घरात खिळेच खिळे आहेत. कित्येकावर तर काही टांगलेलंही नाही.

मी अजून मानेवाड्यालेच आहो, वरच्या पोर्शनमध्ये, भाड्यानं. काकूनं कोणालेच विकलं नाही, अन् पोरानं विचारणं सोडलं. तो म्हातारा मी बंद केला. मैत्रिणी मागतात, मी म्हणते, घर सोडून गेला. भिंतीच्या बाजूनंच चढते उतरते. कठड्यावरची ती चमक काही कमी झाली नाही, पण लोखंडाले गंज चढाले वेळ लागतच असेल.

काकू अजूनही दुपारी आंगणात येते अन् हाक मारते, "ऐकलं काय?" मी आता माझ्याच आवाजात ओ देते. "हाव काकू, बोला ना." ती सांगते, दळण, नळ, पोराचा फोन. मी हाव हाव म्हणते, माझं छोटं हाव, बाबासारखं.

सांगून झाल्यावर ती लगेच जात नाही. मान वर करून, माझ्या डोक्यावरून, वरच्या दाराकडे पाहत उभी राहते. मंग मान हलवते, "बरं" म्हणते अन् आत जाते. माझं उत्तर तर केव्हाच देऊन झालेलं असते.